वाजवून घेतलेली माणसं

काकाजींनी मला पहिल्यांदा पाहिलं नाही. वाजवलं.

म्हणजे आधी माझ्या रुखवतातल्या गुंडाला, पाण्याच्या पितळी घागरीला, वाजवलं. लग्न होऊन मी भंडाऱ्यात आले, तेव्हा सासरचं बिऱ्हाड काकाजींच्या पितळी भांड्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत होतं. रिक्षातून सामान उतरत होतं. दुकानातून एक लांब कानांचा, काटकुळा म्हातारा बाहेर आला. नव्या नवरीकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही. माझ्या पाण्याच्या गुंडावर बोटाच्या पेरानं टक् केलं, कान जवळ नेला आणि म्हणाला, "बद्द. हे आपल्या इथलं नाही." मग माझ्या सासूला म्हणाला, "वयनी, सून बोलते का?"

"बोलते नं. मॅट्रिक हाये."

"मंग बोलू दे."

मी डोक्यावरचा पदर सावरला, चष्मा सावरला आणि रेडिओवरच्या बाईसारखं म्हटलं, "नमस्कार. प्रवास अत्यंत सुखाचा झाला."

काकाजींनी मान कलती केली, जसा गुंड ऐकला तसंच मला ऐकलं. म्हणाले, "वाटी. वाजते लय, मावते कमी."

आणि दुकानात निघून गेले.

त्या दिवशी मी माजघरात बसून रडले. चष्मा काढून रडले, कारण त्याला नंबर नव्हता. भिजला असता तर उगाच बाजारातून आणलेली काच खराब झाली असती. आमच्या गावात चष्मा लावणारी बाई म्हणजे हेडमास्तरीण, असा समज होता, म्हणून लग्नाआधी हट्टानं घेतलेला. मला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसायचं. दिसत नव्हतं ते फक्त मी किती शहाणी आहे हे.

काकाजींचं खरं नाव बाजारात कोणी घेत नसे, मीही घेत नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर आयुष्यभर भांडी वाजवून सुपारीएवढं झालं होतं. गिऱ्हाइकानं भांडं न वाजवता पैसे पुढे केले की ते भांडं परत फळीवर ठेवायचे. "वाजवून घे बाई. न वाजवता नेतेस, आन् मंग घरी जाऊन माह्या नावानं बोंब मारतेस." माणसंही ते अशीच घेत. पोस्टमास्तर म्हणजे गंगाळ. तोंड मोठं, आवाज खोल, आणि एकदा भरलं की हलवता येत नाही. आमचे हे म्हणजे बादली. भडाभडा रिकामी होणारी. हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते. फॅक्टरीची बस नाक्यावर यायच्या आत जेवण, आंघोळ, भांडण, सगळं एका दमात उरकायची त्यांना सवय होती.

माझ्या सासूला, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसं मामीजींना, मात्र त्यांनी कुठलंच भांडं नेमून दिलं नव्हतं. मी एकदा खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "तिले अजून कोणी वाजवलंच नाही."

मग स्टील आलं. आमच्या लग्नानंतर दोन-तीन वर्षांत घराघरांत शिरलं. काकाजी त्याला 'मुकं' म्हणायचे. आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचा डबा पडला की दुकानातून ओरडायचे, "काय पडलं वं? टीन?" मी मुद्दाम दोनदा पाडायची. पण खरं सांगायचं तर दुकान हळूहळू शांत होत गेलं. पूर्वी दुपारभर टण्, ठण्, खण् असे आवाज यायचे. आता माशी घोंघावली तरी ऐकू यायची. न विकलेल्या भांड्यांत काकाजींनी पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. तपेल्यांत कादंबऱ्या, परातींत पोथ्या. बाजारातली माणसं वाचायला न्यायची. एखादं पुस्तक हवं असलं की शिडी लावून तपेलं उतरवावं लागे, आणि उतरवलेलं तपेलं काकाजी वाजवल्याशिवाय वर चढवत नसत.

त्यातच ते जाडं पुस्तक होतं. मोडीत आलेल्या एका गंगाळात निघालेलं. मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे त्याचं नाव काय, लिहिलं कोणी, कोणालाच ठाऊक नव्हतं. राजे होते, राण्या होत्या, हत्ती होते, वनवास होता. उशाला घेण्याजोगं जाड.

एका सकाळी काकाजी दुकानाच्या पायरीवर उभे राहून बाजाराला म्हणाले, "भांडी वाजून नाही राहिली. आता माणसं वाजवतो."

कार्तिकात, हलका धान कापून होतो आणि भारी धान अजून शेतात उभा असतो, तेव्हा आमच्याकडे माणसांचे हात थोडे मोकळे असतात. त्या दिवसांत ते जाडं पुस्तक दुकानात तीन दिवस अखंड वाचायचं ठरलं. ज्याला वाचता येतं त्यानं यायचं. काकाजींनी वेळ वाटली नाही, पानं वाटली. तुझी पानं आली की तू वाचायचं, मग पहाट असो की दुपार. आणि नियम एकच: आवाज तुटता कामा नये. एकाचं संपत आलं की पुढच्यानं त्याच्या शेवटच्या ओळीला आपला आवाज लावायचा. दोघांनी ती ओळ बरोबर म्हणायची आणि मग पहिल्यानं गप्प व्हायचं. काकाजी याला झाळ म्हणायचे, फुटक्या भांड्याला लावतात ती. "झाळ दिसली नाही पाहिजे. दिसली तर भांडं गळते." माणूस जाग्यावर नसला तर त्याची पानं पुढच्यानं घ्यायची. कोणासाठी थांबणं नाही.

तयारी महिनाभर चालली, आणि ती पाहायला बाजारातले रिकामटेकडे मोढे आणून बसत. पहिला धडा गुंडाचा. रिकाम्या गुंडात तोंड घालून वाचायचं, म्हणजे आपलाच आवाज आपल्या कानात येतो. मी पहिल्या दिवशी चष्म्यासकट तोंड घातलं आणि चष्मा आत पडला. काकाजींनी गुंड उलटा करून तो काढला, त्यातून आरपार बघितलं, आणि माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "यातून आवाज मोठा दिसते का?" त्यानंतर मी चष्मा पेटीत ठेवला तो ठेवलाच. दुसरा धडा धानाच्या गिरणीचा: गिरणी सुरू असताना दारात उभं राहून वाचायचं, आणि समोर उभ्या माणसाला कळलं पाहिजे. पोस्टमास्तर त्यात पहिले आले. गिरणीवाल्यानं गिरणीच बंद करून विचारलं, "कोण मेलं गा?"

तिसरा धडा खास माझ्यासाठी होता. मी वाचायची भरधाव. विरामचिन्हं मला मैलाच्या दगडांसारखी वाटायची, मागे टाकण्यासाठी ठेवलेली. वाचता वाचता कोण बघतंय हेही बघायची. काकाजी तळ्यातले शिंगाडे उकडून आणायचे, त्यातला एक सोलून माझ्या हातावर ठेवायचे. "गालात धर. चावायचा नाही. आता वाच." गालात अख्खा शिंगाडा असला की जीभ धावत नाही. शब्द एकेक करून, वळसा घालून बाहेर येतात. मला वाटायचं, म्हातारा माझी थट्टा करून राहिला. मी दुसऱ्याच ओळीला शिंगाडा खाऊन टाकायची. काकाजी ओळखायचे आणि दुसरा द्यायचे. त्या महिन्यात मी वाचायला कमी आणि शिंगाडे खायला जास्त शिकले.

पण खरी गंमत मामीजींची.

लग्नकार्यात, जेवणावळीत आमच्याकडे भांडी या घरची त्या घरी जातात आणि परत येताना एकमेकांत मिसळतात. म्हणून भांड्यावर नाव घालतात. काकाजी स्वतः छिन्नी-हातोडीनं ठिपका ठिपका ठोकून नावं घालायचे. मामीजींच्या गुंडावर त्यांचं नाव होतं, पण त्या तो ओळखायच्या बुडाजवळच्या पोच्यावरून. एकदा जेवणावळीनंतर तसाच पोचा असलेला दुसरीचाच गुंड घेऊन आल्या आणि गल्लीत महाभारत झालं. तेव्हा काकाजी म्हणाले, "वयनी, तुमचं नाव लिहून हाये त्याच्यावर, आन् तुम्ही पोचा पाहून राहिल्या!"

"मले कुठं वाचता येते, भाऊ?"

"बोट फिरवा."

मामीजींनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मग दुपारी चिंचेनं भांडी घासून द्यायला दुकानात जाऊन बसू लागल्या. घासता घासता नावांवरून बोट फिरवायच्या आणि विचारायच्या, हे कोणाचं, ते कोणाचं. मी त्याआधी पाटी घेऊन त्यांना शिकवायचा प्रयत्न केला होता. क कमळाचा म्हटलं, तर म्हणाल्या, "कमळ कायले लिहू? तळ्यात ढीग पडले हायेत." पण पितळेवरची अक्षरं त्यांना लागली. त्यांची बाराखडी म्हणजे भंडाऱ्यातली घरं. ध कोणाच्या परातीवर, झ कोणाच्या तांब्यावर, आणि कोणाची परात कोणाच्या घरी तीन वर्षं झाली अडकून आहे, हेही अक्षरांबरोबरच कळत गेलं. इतकं रंजक शिक्षण मला मॅट्रिकपर्यंत मिळालं नव्हतं.

वाचनाला पानं वाटली तेव्हा काकाजींनी मामीजींना एक पान दिलं. माझ्या पानांच्या लगेच पुढचं. मी फणकारले. "काकाजी, मामीजी काय वाचतील? गावात हसं होईल."

"कोणाचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मामीजींचं, आणखी कोणाचं!" फार शहाणी होते ना.

त्या पानावर एक राणी होती. नदीकाठी एकटी उभी, नवरा पैलतीरावर आजारी. संध्याकाळी एक नावाडी येतो. नदीला ओढ असते. राणी होडीत एक पाय ठेवते, होडी कलते, आणि पान संपतं.

मामीजींचं माहेर कारध्याचं, वैनगंगेच्या पलीकडचं. त्यांचे वडील आणि मग मोठे भाऊ डोंगा चालवायचे, माणसं अलीकडे-पलीकडे न्यायचे. पान पहिल्यांदा शेवटपर्यंत लागलं त्या दिवशी त्या हातातलं भांडं टाकून उठल्या. "मंग? डोंगा लागला का पलीकडं?"

"ते पुढच्या पानावर," काकाजी म्हणाले.

"सांगा नं, भाऊ."

"मी दुकानदार. भांडं विकतो. आत काय शिजलं ते मी नाही सांगत."

पुढचं पान पोस्टमास्तरांचं होतं. काकाजींनी सगळ्यांना ताकीद दिली, बाईला पुढचं कोणी सांगायचं नाही. मामीजी घरी येऊन माझ्यामागे लागल्या. "तू तं मॅट्रिक. तुले माहीत असंन."

मी पीठ मळत होते. माझ्यात खोडी आधीपासून आहे. केस पिकले म्हणून ती काही गेली नाही. मी डोळे खाली घालून म्हटलं, "बुडाला, मामीजी."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, "तुह्यावर माहा भरोसा नाही. मी माह्या डोयानं पाहीन."

त्यानंतर ते पान त्या विहिरीवर, चुलीपुढे, नळावर म्हणत राहिल्या. मी ह्यांना हसून सांगितलं, "पाठ केलंय. एक पान, पोपटासारखं." हेही हसले. दोघं मिळून आम्ही किती शिकलेले होतो ते काय सांगू!

वाचन सुरू झालं आणि खरंच बाजार गोळा झाला. दुकानाच्या मधोमध चौरंगावर पुस्तक, बाजूला काकाजी, मांडीवर एक पितळी थाळी. माणसाची पानं संपली की ते पेरानं थाळीवर हलकेच टक् करायचे, पुढच्याला इशारा. रात्रीची पानं पुरुषांनी ओढली, पहाटेची बायांनी. आवाज तुटला नाही. येणारे-जाणारे, धान विकायला आलेले शेतकरी, सगळे पायरीवर बसून ऐकत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांची पानं आली, मग माझी, मग मामीजींचं एक, मग पोस्टमास्तर.

मामीजी सकाळीच कारध्याला गेल्या होत्या, भावाला आणायला. "दादानं ऐकलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या. काकाजींचा हिशेब होता की त्यांचं पान दिवस कलल्यावर येईल. पण त्या हिशेबात फॅक्टरीची बस नव्हती. ह्यांची दुसरी पाळी. पुस्तक हातात आल्याबरोबर हे सुटले. शिकार, स्वयंवर, राज्याभिषेक, सगळं एका श्वासात. एका राजाचा जन्म आणि मृत्यू यांच्यामध्ये त्यांनी आवंढाही गिळला नाही. मी घाईघाईनं झाळ लावली, हे चप्पल हातात घेऊन नाक्याकडे पळाले.

मी दोन पानं वाचली आणि वर पाहिलं. मामीजींची जागा रिकामी. शेजारी पोस्टमास्तर बसलेले, घसा खाकरत. माझी पानं मोजकीच उरली होती. ती संपली आणि मामीजी नसल्या, तर राणीचं पान पोस्टमास्तरांचं. नियमच तो.

महिनाभर मामीजी चुलीपुढे ते पान म्हणत होत्या. चुलीतल्या जाळाचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा ते मला आठवलं. वाचणं मात्र थांबवता येत नव्हतं.

काकाजींनी माझ्याकडे बघितलं नाही. कोटाच्या खिशात हात घातला आणि उकडलेला, सोललेला एक शिंगाडा पुस्तकाच्या कडेला ठेवला.

मी पान उलटायच्या निमित्तानं तोंड झाकलं आणि तो गालात धरला. पहिल्यांदाच खाल्ला नाही.

मग माझ्या पानातला हत्ती जो चालायला लागला, तो अंगण ओलांडेना. एकेक पाय उचलून, ठेवून. दासीनं पंखा हलवला तर वारा लागेपर्यंत मी थांबले, पण आवाज धरून. शब्दाचं शेपूट लांबवत, तुटू न देता. आणि तेव्हा पहिल्यांदाच मला त्या पुस्तकात काय लिहिलंय ते ऐकू आलं. इतके दिवस मी फक्त स्वतःला ऐकत होते. पायरीवरचा एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "ही बाई मस्त वाचते गा. डोये मिटले तं हत्ती दिसून राहिला."

तरी पानं संपतच आली. शेवटचा परिच्छेद. शेवटच्या चार ओळी. पोस्टमास्तर पुढे सरकले, झाळ लावायला त्यांनी श्वास घेतला. मी जीव मुठीत धरून एकेक शब्द सोडत होते.

"वाच वं, वाच! थांबू नको! आली मी!"

दारात मामीजी. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, मागे त्यांचा म्हातारा भाऊ, हातात वल्हं. मग कळलं: पूल झाला तेव्हा म्हाताऱ्याचा धंदा बुडाला, आणि "ज्या पुलानं माही भाकर खाल्ली त्याच्यावर मी पाय ठेवत नाही" म्हणून तो आजवर पुलावरून आलेला नव्हता. बहिणीनं विनवलं तरी हटला नाही. शेवटी किनाऱ्यावर पालथा पडलेला डोंगा उलटा करून, त्याची भेग चिंध्यांनी बुजवून, दोघं नदीतून आले. वल्हं कोणी चोरेल म्हणून तो ते बाजारातून खांद्यावर घेऊन आला होता.

मामीजी माझ्याजवळ बसल्या. धाप लागलेली. पुस्तकावर बोट ठेवलं आणि माझ्या शेवटच्या ओळीला आवाज लावला. मी गप्प झाले. झाळ कोणाला दिसली नाही.

त्यांनी पान वाचलं. न अडखळता, संथ. राणी नदीकाठी उभी राहिली. नावाडी आला. राणीनं एक पाय होडीत ठेवला. होडी कलली. पान संपलं.

पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं आणि थाळीच्या इशाऱ्याकडे कान दिला. इशारा झाला नाही. काकाजींनी थाळी मांडीवरून उचलली, खाली ठेवली आणि तिच्यावर बसले.

मामीजींनी बोट ओलं करून पान उलटलं.

हे पान त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचं बोट कागदावरून सरकू लागलं, जणू ठिपके चाचपत होतं. "रा... णी... नं... डो... ळे..." दोन अक्षरांमध्ये बैलबंडी निघून जाईल एवढं अंतर. इतरांनी अर्धविरामाला दम घेतला तरी डोळे वटारणारे काकाजी मान खाली घालून ऐकत होते. दारातून मामीजींचा भाऊ हळू आवाजात म्हणत होता, "मार वल्हं, बाई. मार." घामानं मामीजींचं कुंकू ओघळलं. "हो... डी... का... ठा... ला..." बोट थांबलं. परत मागे गेलं. परत पुढे आलं. "ला... ग... ली."

त्यांनी मान वर केली. अख्ख्या दुकानातून नेमकं मला शोधलं.

"लागला वं! लागला डोंगा! खोटारडी!"

दुकान असं हसलं की फळीवरची पितळ वाजली. पोस्टमास्तर मात्र कावरेबावरे झाले. "काकाजी, अखंड तुटलं नं?"

"कुठं तुटलं?" काकाजी डोळे पुसत म्हणाले. "बाई बोलूनच राहिली हाये."

पुस्तक संध्याकाळी संपलं. दुसऱ्या दिवशी काकाजींनी प्रत्येक वाचणाऱ्याला एक भांडं दिलं, नाव घालून. मामीजींना तांब्या. त्यांनी तो पेरानं वाजवला, मगच घेतला. मला वाटी. मी ती हातात घ्यायच्या आतच मामीजींनी ओढली, तिच्यावरून बोट फिरवलं, आणि पदर तोंडात कोंबून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

काकाजी गेले, दुकान गेलं. मामीजी शेवटपर्यंत औषधाच्या बाटलीवरचं अक्षरन् अक्षर मोठ्यानं वाचायच्या आणि मी काही सांगितलं तर बाटली परत बघायच्या. वाटी अजून माझ्याकडे आहे. नातवंडं खिरीसाठी तिच्यावरून भांडतात. परवा धाकटी नात, नुकती अक्षरं लागलेली, तिच्यावरून बोट फिरवत होती. "खो... टा... र... डी." मग माझ्याकडे वळली. "आजी, ही कोण गं?"

मी म्हटलं, "ते पुढच्या पानावर."